गंजाचा मुलामा

कथा-कवितांची चर्चा ज्या पानावर चालते तिथे मालगाडीच्या वाघिणीचे, आणि तेही बोटभर लांबीच्या प्लास्टिकच्या वाघिणीचे, काय काम, असा प्रश्न आमच्या नेहमीच्या वाचकांना पडेल. प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की, 'वास्तव' ह्या शब्दाविषयी आपण वर्गांत, चर्चासत्रांत आणि परीक्षणांत जे काही बोलत असतो, त्यातले पुष्कळसे ह्या चार चाकांच्या पेटीला रंग देताना कसाला लागते. जे समज तिथे तासाभरात उघडे पडतात, तेच आपल्याकडे साहित्यात प्रतिष्ठित होऊन बसले आहेत. म्हणून आधी वाघीण, मग साहित्य.

छंदाची ओळख थोडक्यात करून देतो. पुण्यात कोथरूडला जोशींचे लघुरेल्वेचे संग्रहालय ज्यांनी पाहिले असेल त्यांना अशा गाड्या नव्या नाहीत. पण ह्या छंदाचे एक जुने माहेरघर म्हणजे ब्रिटन, आणि आमची उदाहरणेही तिथलीच आहेत. तिथे सर्वाधिक रूढ असलेल्या प्रमाणात खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे प्रतिकृतीतले चार मिलिमीटर, सुमारे १:७६. तयार गाड्या दुकानात मिळतातच. ज्याला स्वतःच्या हाताने काही करून पाहायचे असते त्याला मात्र बहुधा वाघिणीचा संच घेऊन सुरुवात करायला सांगतात. वाघिणीत मोटर नसते, ती स्वस्त असते आणि बिघडली तर हळहळही बेताचीच होते. इंग्रजी 'वॅगन'ची आपण 'वाघीण' केली आहे. कोळशाने काळवंडलेल्या पेटीला वनातल्या राणीचे नाव देणाऱ्या भाषेने तरी ह्या विषयाला परके मानू नये.

संचात असते काय? प्लास्टिकच्या चौकटीला लागून आलेले दोन लांब बाजूंचे आणि दोन टोकांचे तुकडे, तळ, खालच्या सांगाड्याचे भाग, ब्रेकचे दांडे, बफर. ते धारदार पात्याने सोडवायचे, कडेला राहिलेला जादा पापुद्रा कानशीने घासायचा, सांधे काटकोनात धरून कुंचल्याने पातळ द्रव सोडायचा, म्हणजे प्लास्टिक विरघळून एकजीव होते. चाकांच्या आसांची टोके अणकुचीदार असतात. ती पितळेच्या चिमुकल्या वाट्यांत बसवली की वाघीण हलकेच ढकलली तरी दूरवर जाते. मग ती काचेच्या तुकड्यावर ठेवायची. चारही चाके काचेला टेकली पाहिजेत. एक जरी अधांतरी राहिले तरी रूळ बदलण्याच्या जागी वाघीण घसरणार, हे ठरलेले. वजनही हवे, दर आसामागे पंचवीस ग्रॅम, म्हणजे चारचाकीला पन्नास, असा एक प्रचलित हिशोब आहे. इथवर मतभेदाला फारशी जागा नाही. चाक काचेला टेकते किंवा टेकत नाही. वाद सुरू होतो तो ह्यापुढे.

रंग दिला, क्रमांक आणि अक्षरे चिकटवली, की ज्या पायरीला ह्या छंदातली माणसे 'वेदरिंग' म्हणतात ती येते. नव्याकोऱ्या वाघिणीला वापरलेली दिसेल अशी करायची. आमचा पहिला आक्षेप ह्या शब्दालाच आहे. त्यात ऊन आहे, पाऊस आहे, वारा आहे. वाघिणीची दशा जी काही झाली ती हवेने केली, असे तो शब्द गृहीत धरतो. प्रत्यक्षात वाघिणीच्या अवताराचा मोठा भाग कामाने घडवलेला असतो. तिच्यात काय भरले, ते कुठून ओतले, कोणत्या दारातून काढले, कोणी कुठे हात घातला, ब्रेक किती वेळा आवळला, ह्या सगळ्याची नोंद तिच्या अंगावर असते. पाऊस त्या नोंदी फक्त खाली ओघळवतो. म्हणून आम्ही ह्या क्रियेला साध्या मराठीत 'मळवणे' म्हणणार आहोत. मळ कशाने लागला हे विचारता येते. हवेला जाब कोण विचारणार?

एक ठोस उदाहरण घेऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश रेल्वेने कोळशासाठी सोळा टनी पोलादी वाघिणी बांधल्या. त्यांची संख्या दोन लाखांच्या पुढे गेली. सांगाडा साडेसोळा फुटांचा, चाकांमधले अंतर नऊ फूट. प्रतिकृतीत अनुक्रमे सहासष्ट आणि छत्तीस मिलिमीटर. इंजिनातून चालवता येणारा ब्रेक नसलेल्या वाघिणींना करडा रंग आणि तो असलेल्यांना तांबूस तपकिरी, असा नियम होता. बाजूवर एक पांढरी तिरपी रेघ असे. नवशिक्याला ती नक्षी वाटते. वास्तविक टोकाचे दार कोणत्या अंगाला आहे हे ती रेघ सांगते, कारण बंदरावर ते दार उघडून आणि अख्खी वाघीण तिरपी करून कोळसा जहाजात ओतत असत.

आता तिचा मळ पाहा. ओल्या कोळशात गंधक असते, त्याने पत्रा खाल्ला जातो. म्हणून आतला भाग जवळजवळ पूर्ण गंजलेला, आणि जिथे कोळसा घासत जातो तिथे घोटलेला. बाहेरून रंग सुटतो तो जोडांपाशी आणि खालच्या कडेला, जिथे पाणी साचते. एकदा रंग सुटला की गंज तिथून खाली ओघळतो. वर कधीच चढत नाही. ताजा गंज नारिंगी असतो, जुना गंज काळपट तपकिरी. खालच्या सांगाड्यावर ब्रेकच्या ठोकळ्यांची तपकिरी भुकटी, चाकाच्या कण्यापाशी वंगणाचा काळा चिकटा, बफरच्या तोंडावर वंगणाचा गोल डाग. चाकाची रुळाला लागणारी पट्टी तेवढी चकचकीत, बाकी चाक मळकट. आणि बाजूच्या पत्र्यावर यार्डातल्या माणसांनी खडूने लिहिलेली गावांची नावे. ह्या यादीत एकही डाग अनाथ नाही. प्रत्येकाला बाप आहे.

आता नवशिक्याला मिळणारे सल्ले पाहू. ते तीन प्रकारचे असतात आणि तिन्ही आम्हाला अमान्य आहेत.

पहिला सल्ला सोयीचा. 'सांधा उघडा राहिला? रंग ओघळला? काळजी नको, वरून थोडा मळ फासा, सगळे झाकले जाईल.' आपल्याकडे मळ दिसू नये म्हणून मळखाऊ रंग निवडतात. इथे चूक दिसू नये म्हणून मळच निवडला जातो. ह्यात फसवणूक आहे ही आमची मुख्य तक्रार नाही. मळ चूक झाकतच नाही, ही आहे. पातळ केलेला गडद रंग जिथे खाच असेल तिथे जाऊन बसतो. तोच तर त्याचा गुण. उघड्या सांध्यात तो शिरला की सांधा दुप्पट दिसतो, आणि बोटाचा ठसा रंगाखाली राहिला असेल तर तो ठसा पोलिसांच्या दप्तरातल्यासारखा उमटतो. ज्याने हा सल्ला दिला त्याने मळवून पाहिलेलेच नसते, किंवा पाहिले असले तरी डोळे मिटून.

दुसरा सल्ला गुरुकुलाचा. 'आधी दहा वाघिणी स्वच्छ बांधा, मळवणे ही पुढची विद्या आहे.' वरवर हा सल्ला शिस्तीचा वाटतो, पण त्यात बांधणी आणि मळवणे ही दोन वेगळी शास्त्रे मानली आहेत. तशी ती नाहीत. ब्रेकचा ठोकळा घ्या. १:७६ प्रमाणात खऱ्या रुळांमधले अंतर १८.८३ मिलिमीटर यायला हवे. पण बाजारात रूढ रूळ १६.५ मिलिमीटरचे आहेत. त्यामुळे चाके आत सरकतात आणि संचातले ब्रेकचे ठोकळे पुष्कळदा चाकाच्या बाहेर, हवेत लटकत राहतात. नवशिक्या ते तसेच चिकटवतो आणि नंतर पुस्तकात सांगितल्याप्रमाणे ब्रेकची भुकटी मात्र इमानाने फासतो. जो ठोकळा कुठल्याच चाकाला लागत नाही त्याची भुकटी उडेल कशी? मळ कुठून येतो हे ज्याला ठाऊक असते तो ठोकळा चिकटवण्याआधी थांबतो आणि तो आत सरकवतो. म्हणजे मळवण्याचे ज्ञान हे बांधणीच्या पहिल्या दिवशी लागते. ते अकराव्या वाघिणीपर्यंत राखून ठेवले तर आधीच्या दहा आंधळेपणाने बांधल्या जातात.

तिसरा सल्ला सर्वांत लोकप्रिय आणि म्हणून सर्वांत घातक. एकच तपकिरी पाणी करायचे आणि समोर येईल त्या वाघिणीवर फिरवायचे. वर नारिंगी भुकटीचे चार ठिपके. कोळसा असो, सिमेंट असो, तेल असो, सर्वांना एकच प्रसाद. सिमेंटच्या वाघिणीवर वरच्या झाकणापासून पांढुरके ओघळ असतात, तेलाच्या टाकीवर भरण्याच्या तोंडापासून काळे, चिनी मातीच्या लाकडी वाघिणीची फळीन् फळी पांढरट. हा सगळा भेद त्या एका बाटलीत बुडून जातो. पाहणारा मात्र म्हणतो, 'वा, किती खरी दिसते!' खरी म्हणजे काय? तर घाणेरडी. घाण दिसली की वास्तव आले, हे समीकरण त्याच्या डोक्यात आधीच तयार आहे. वाघीण फक्त त्याला होकार देते.

इथे आमच्या वाचकांना परिचित प्रदेश दिसू लागला असेल. रोलाँ बार्थने १९६८ साली एका छोट्या निबंधात फ्लोबेरच्या कथेतल्या पियानोवरच्या वायुभारमापकाकडे बोट दाखवले होते. कथानकाला त्या वस्तूचा काही उपयोग नाही. ती फक्त 'मी वास्तव आहे' असे सांगायला तिथे आहे, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. बार्थशी ह्यावर वाद घालता येतो आणि घातलाही गेला आहे. पण तपकिरी बाटलीला त्याचे निदान तंतोतंत लागू पडते. ती वाघिणीविषयी काहीच सांगत नाही. वास्तवाची खूण तेवढी करते. तांब्यावर सोन्याचा मुलामा देणारा सोनार निदान उंची धातूची नक्कल करीत होता. आम्ही आता गंजाचा मुलामा देऊ लागलो आहोत.

आणि मराठी गद्यात काय चालले आहे? शहरात वाढलेल्या लेखकाला खेडे उभे करायचे असते. मग एक गळके छप्पर येते, एक खोकणारा म्हातारा येतो, संवादात चार बोलीरूपे पेरली जातात, तीही वऱ्हाडातली कोणती आणि देशावरची कोणती ह्याचा विधिनिषेध न ठेवता. परीक्षणकर्ता लिहितो, 'दाहक वास्तव.' आम्ही विचारतो, ते छप्पर नेमके कुठे गळते? पाणी कोणत्या भिंतीवरून उतरते, त्या भिंतीशी कोण झोपते, आणि पावसाळ्यात तो माणूस कुठे सरकतो? ही उत्तरे लेखकाजवळ असतील तर कथेत एकही ओल न दाखवता घर ओले वाटेल. नसतील तर पानोपानी चिखल असूनही पाय कोरडेच राहतील. बोलीचेही तसेच. माणूस कुणाशी बोलताना कुठली रूपे वापरतो आणि कुणासमोर ती गिळतो, ह्याला कारणे असतात. कारण कळले नाही तर बोली ही अक्षरांवर फासलेली नारिंगी भुकटी.

काश्मीरचा क्षेमेंद्र अकराव्या शतकात 'औचित्यविचारचर्चे'त अलंकारांविषयी हेच सांगत होता. कमरेची मेखला गळ्यात घातली तर शोभा येत नाही, हसू येते. अलंकाराला शोभा येते ती त्याच्या जागेने. त्याचा सिद्धांत आपण सुंदर गोष्टींपुरता वाचतो. तो कुरूप गोष्टींना लावून पाहण्याची वेळ आली आहे. गंजालाही औचित्य असते. दाराच्या बिजागरीखालचा गंज वरच्या पट्टीवर नेऊन ठेवणे आणि मेखला गळ्यात घालणे ही एकाच जातीची चूक आहे. फरक इतकाच की मेखलेला लोक हसतात आणि चुकीच्या गंजाला बक्षीस देतात.

तिन्ही सल्ल्यांच्या मुळाशी एक सवय आहे. नवशिक्या खऱ्या वाघिणीचे छायाचित्र पाहत नाही. दुसऱ्याने मळवलेल्या प्रतिकृतीचे पाहतो. त्या दुसऱ्याने तिसऱ्याची पाहिलेली असते. प्लेटोने 'रिपब्लिक'च्या दहाव्या भागात चित्रकाराला सत्यापासून तिसऱ्या पायरीवर बसवले. आमचा नवशिक्या सहाव्या-सातव्या पायरीवर सुखाने नांदत असतो. भरीस भर म्हणून उत्पादकांनी आता कारखान्यातूनच मळवून वाघिणी विकायला सुरुवात केली आहे. एकाच साच्यातल्या दहा वाघिणी एका गाडीला जोडाव्यात, तर दहांच्याही अंगावर एकाच जागी, एकाच आकाराचा डाग. देवीचे व्रणही दोन माणसांच्या चेहऱ्यांवर सारखे नसतात हो!

मळ वाचता आला म्हणजे काय हाती लागते ह्याचे एक उदाहरण देतो. ब्रिटनमध्ये महायुद्धापूर्वी कोळशाच्या असंख्य वाघिणी खाणींच्या आणि वखारवाल्यांच्या खाजगी मालकीच्या असत. लाकडी फळ्यांच्या, बाजूवर मालकाचे नाव भल्यामोठ्या रंगीत अक्षरांत. छंदवाल्यांना ह्या वाघिणी अतिशय प्रिय. शोकेसमध्ये त्या चॉकलेटच्या वड्यांसारख्या दिसतात. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पुकारले गेले आणि पाच लाखांहून अधिक खाजगी वाघिणी सरकारने ताब्यात घेऊन सामाईक केल्या. आता मालकाला आपले नाव पुन्हा रंगवण्यात स्वारस्य उरले नाही. फळी मोडली की नवी बसवायची, पण तिला रंग द्यायचा नाही. त्यामुळे लाल जमिनीवरच्या पांढऱ्या नावातून मधली एक फळी कोऱ्या लाकडाची आणि तेवढीच अक्षरे अर्धी कापलेली, असे दृश्य नित्याचे झाले. १९४७ च्या पहिल्या दिवशी खाणी राष्ट्रीय मालकीच्या झाल्या, १९४८ च्या पहिल्या दिवशी रेल्वे. मग जुन्या वाघिणीच्या कोपऱ्यात काळ्या चौकोनावर नवा क्रमांक आला, 'पी' ह्या अक्षराने सुरू होणारा. आणि वर जुन्या मालकाचे नाव ऊनपावसात पुसट होत राहिले. मिलिमीटरभर जाडीच्या प्लास्टिकवर एका फळीला लाकडाचा राखाडी रंग द्यायचा, एवढे हे काम. त्यासाठी ना महागडी हत्यारे लागतात ना दहा वर्षांचा सराव. पण त्या एका फळीत युद्ध आहे, जप्ती आहे आणि मालकी हक्काचा अंत आहे. हे आम्ही नवशिक्याला शिकवायचे, की बाटली हलवायला?

आक्षेप येतील. पहिला असा की हा विरंगुळा आहे. दिवसभर कचेरीत बसून आलेल्या माणसाला रात्री तासभर काही रंगवू द्या, त्याच्यापुढे परीक्षेचा पेपर कशाला मांडता? आमचे उत्तर: विरंगुळा कष्टाने कमी होत नाही, पोकळपणाने होतो. तासभर एका छायाचित्राकडे पाहणे, हा ओघळ इथेच का थांबला असेल ह्यावर डोके खाजवणे, आणि मग कापसाच्या बोळ्याने वरून खाली, फक्त वरून खाली, रंग पुसत आणणे, ह्यात जो आनंद आहे तो तपकिरी बाटलीत नाही. बाटली पाच मिनिटांत संपते आणि मग माणूस नवी वाघीण विकत घ्यायला निघतो. दुकानदाराला हे सोयीचे आहे, छंदाला नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. 'तुमचे रूळच मुळात खोटे, १६.५ मिलिमीटरला प्रमाण लावले तर चार फूट दीड इंचाची गाडी होते, खरी चार फूट साडेआठ इंचांची. सात इंच पचवलेत आणि एका ओघळासाठी भांडता?' काही छंदवाले ह्यावर १८.८३ चे रूळ स्वतः घालतात. त्यांच्या चिकाटीला आमचा नमस्कार. परंतु आमचा मुद्दा मापाचा नाहीच. प्रत्येक कलेला काही संकेत गृहीत धरावे लागतात. रंगभूमीवरच्या घराला चौथी भिंत नसते म्हणून आपण उठून जात नाही. संकेत उघड असतो, सर्वांना मान्य असतो, आणि एकदा मान्य केला की त्याच्या आत कार्यकारणभाव शाबूत राहावा एवढीच अपेक्षा असते. भिंत नसलेल्या घरातही दार उघडल्याशिवाय पात्र आत येत नाही. रूळ अरुंद असणे हा संकेत आहे. ओघळ वर चढणे हा खोटेपणा आहे.

तिसरा आक्षेप: मग स्वच्छ वाघीण ठेवणाऱ्याचे काय? त्याला आमची पूर्ण मुभा आहे, पण त्याने एक ध्यानात घ्यावे. स्वच्छ वाघीण म्हणजे कोरी जागा नव्हे. कारखान्यातून बाहेर पडून पहिली फेरीही न केलेली वाघीण, असे ते विधान आहे. तशी वाघीण असते. पण अख्खी गाडीच तशी कधी नसते. अलंकारहीन गद्यालाही शैली असते, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

आता ज्या गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप, तिच्याकडे येतो. ह्या कोळसावाघिणींतल्या बहुसंख्य वाघिणींना इंजिनातून चालवता येणारा ब्रेक नव्हता. साखळीच्या तीन कड्यांनी त्या एकमेकींना सैल जोडलेल्या असत. मोठा उतार आला की गाडी थांबवायची, माणसाने खाली उतरून एकेका वाघिणीचा दांडा काठीने दाबून खुंटी अडकवायची, उतार संपला की पुन्हा सोडायची. रात्री, पावसात, बर्फात. यार्डात दोन वाघिणींच्या मध्ये काठी घालून कड्या जोडणाऱ्या-सोडणाऱ्या माणसांचे जीव आणि हातपाय ह्याच कामात जात. १९५५ च्या आधुनिकीकरणाच्या योजनेत सर्व वाघिणींना सलग ब्रेक बसवण्याचा संकल्प होता. तो पुरा झाला नाही. ब्रेकच्या दांड्याचे टोक जिथे घासून उजळलेले असते तिथे ह्या माणसांचा हात आहे. प्रतिकृतीत तो उजळपणा पेन्सिलीच्या शिशाने एका फटकाऱ्यात देता येतो. जो देत नाही त्याच्या वाघिणीला कोणीच कधी हात लावलेला नसतो.

ती माणसेही आता नाहीत आणि ती कामेही. १९८४-८५ चा खाणकामगारांचा संप मोडला गेला. डिसेंबर २०१५ मध्ये केलिंग्ली ही ब्रिटनमधली शेवटची मोठी खोल खाण बंद झाली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी रॅटक्लिफचे शेवटचे कोळशावरचे वीजकेंद्र. ज्या देशाचा उद्योग कोळशावर उभा राहिला तिथे आता कोळशाची काजळी बघायची तर संग्रहालयात किंवा कुणाच्या माळ्यावरच्या लघुरेल्वेत. ऑक्सफर्डशायरमधल्या लाँग विटनहॅम गावी पेंडन संग्रहालय आहे. रॉय इंग्लंड ह्या ऑस्ट्रेलियातून आलेल्या माणसाने ते उभे केले, ते डोळ्यांदेखत नाहीशी होत चाललेली गवती छपरांची खेडी निदान लहान प्रमाणात तरी टिकावीत म्हणून. प्रतिकृती हा अशा वेळी दस्तऐवज होतो. दस्तऐवजावर मनाला येईल तिथे शाई सांडणाऱ्याला आपण काय म्हणतो?

आणि हे दूरदेशीचे हळहळणे आहे असे कुणी समजू नये. चंद्रपूरकडच्या खाणींतून भरलेल्या वाघिणी आजही वीजकेंद्रांकडे जात आहेत. मुरगाव बंदरावर उतरलेला कोळसा रेल्वेने कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो, आणि वास्कोच्या घरांवर बसणारी त्याची भुकटी हा तिथल्या रहिवाशांच्या तक्रारीचा आणि आंदोलनाचा विषय आहे. खिडकीच्या गजांवरून रोज ती पुसणाऱ्या बाईला ती कुठून येते, कोणत्या वाऱ्याने येते आणि कुणाच्या मालाची आहे, हे पक्के ठाऊक असते. तिच्या मळाला पत्ता आहे. तोच मळ कुणाच्या कथेत 'वातावरणनिर्मिती' म्हणून आला, पत्ता पुसून आला, तर त्या बाईच्या हातातले फडके आणि तिची तक्रार दोन्ही काढून घेतल्यासारखे होईल. निनावी घाण पाहून हळहळता येते; जबाबदार कोण, हे विचारता येत नाही. गंजाच्या मुलाम्यावर आमचा राग आहे तो ह्यासाठी.

तेव्हा नवशिक्याला आमचे सांगणे साधे आहे. एकच वाघीण घ्यावी. तिच्या जातीच्या खऱ्या वाघिणीचे एक छायाचित्र मिळवावे, शक्य तर साल आणि ठिकाण लिहिलेले. बांधायला बसण्यापूर्वी त्यातले दहा डाग मोजावेत आणि प्रत्येकापुढे कारण लिहावे. ज्याचे कारण सापडणार नाही तो डाग वाघिणीवर काढू नये. आणि साहित्य शिकवणाऱ्या आमच्या मित्रांना विनंती आहे की पुढल्या सत्रात 'वास्तववाद' हा घटक येईल तेव्हा व्याख्या फळ्यावर लिहिण्याआधी विद्यार्थ्यांच्या हाती एखादी अलीकडची नावाजलेली कथा द्यावी आणि हाच अभ्यास करायला सांगावा: कथेतले दहा डाग, दहा कारणे. किती रकाने कोरे राहतात ते मोजावे, आणि मगच त्या कथेच्या मलपृष्ठावर छापलेली विशेषणे वर्गात मोठ्याने वाचावीत.